खाटेखालची बाई

ती माझ्याशी गुडघे न टेकता बोलली. त्या दिवशी माझ्या डोक्यात जो जाळ पेटला तो एवढ्याशा गोष्टीनं पेटला, हे कुणाला सांगितलं तर हसतील. आमच्याकडे बाईमाणूस वडीलधाऱ्यांशी बोलताना खाली जातं, तळवे हलकेच वाजवतं आणि मग तोंड उघडतं. वॉर्डात नर्सशी बोलतानाही तसंच. दिवसभर बायका माझ्यासमोर खाली जात असतात, वर येत असतात, आणि मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. एका हातात सलाइनची बाटली आणि दुसऱ्या हातात कुणाची तरी सापडत नसलेली शीर असताना कोण बघणार? पण ही बाई खाटेच्या उशाशी ताठ उभी राहिली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, “सिस्टर, हिचं अंग पुसायला गरम पाणी लागेल.” विचारलं नाही, सांगितलं. घासात खडा लागावा तशी ती मला लागली.

जुलैचा महिना. आमच्या ब्लँटायर शहरावर चिपेरोनी उतरलं होतं, म्हणजे ते बारीक, गार, धड पाऊस नाही आणि धड धुकं नाही असं काहीतरी, जे चार-चार दिवस हलत नाही आणि वाळत घातलेल्या चादरींना वास आणतं. अपघात विभागात ओल्या लोकरीचा, कोळशाच्या धुराचा आणि ओकारीचा वास मिसळून गेला होता. खाटेवरच्या मुलीला शेजाऱ्यांनी सकाळीच मिनीबसमधून आणून टाकलं होतं. टाकलं हाच शब्द खरा. औषध प्यायली होती, शेतातल्या किड्यांचं. एकोणीस वर्षांची, मायामिको नाव, केसांच्या बारीक वेण्या नुकत्याच घातलेल्या. वेण्या घालायला किती वेळ लागतो हे मला माहीत आहे. इतका वेळ कुणापुढे डोकं धरून बसायचं आणि मग हे करायचं, याचा मला नुसता बघून राग आला. शेजारी दारातून मागच्या मागे पसार झाले. औषध प्यायलेल्याच्या आसपास कुणाला थांबायचं नसतं. उद्या पोलीस विचारायला येतील, आणि पोलीस आले नाहीत तरी पाद्री येईल, तो जास्त विचारतो.

मी आणि झिओने, माझी जोडीदारीण, आम्ही दोघींनी तिला उलटंसुलटं करून पोट साफ केलं. मी ते हळुवारपणे केलं नाही. करता येतं, मला येतं, मलेरियाच्या पोरांना मी नळी घालते तेव्हा आया म्हणतात सिस्टर ग्वेडेझाचा हात लोण्यासारखा आहे. पण या लोकांसाठी माझा हात वेगळा आहे आणि तो मी लपवत नाही. आमच्या विभागात कुणीच लपवत नाही. घशाला लागलं तर लागू दे, पुढच्या वेळी आठवेल, असं मला मी शिकत असताना मोठ्या सिस्टरनं सांगितलं होतं, आणि मी ते झिओनेला सांगितलं, आणि झिओने ते आता शिकाऊ पोरींना सांगते. मुलगी डोळे मिटून होती. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं, पण ते औषधानंही वाहतं, त्यामुळे त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत मी पडले नाही.

ही बाई कधी आली ते मला कळलं नाही. वळून बघितलं तर खाटेशी होती. प्लास्टिकचं घमेलं, पेजेचा मग, दोन चितेंजे, म्हणजे बायका गुंडाळतात ती छापील कापडं, एक कमरेला आणि एक हातावर घडी घातलेलं. म्हणजे सगळी तयारी. मी धरून चालले की ही आई. आमच्या इस्पितळात पेशंटबरोबर सोबतीण लागतेच. औषधं आणि सुया आमच्या, बाकीचा माणूस सोबतिणीचा. ती भरवते, पुसते, हगलं-मुतलं काढते, मागच्या पडवीत चुलीवर पेज शिजवते आणि झोपायला खाटेखाली शिरते. जिच्याजवळ सोबतीण नाही ती बाई आमच्याकडे औषधानं बरी होते आणि उपाशी मरते. हे मी कुणाला घाबरवायला म्हणत नाही, मी बघितलंय. आणि दुसरं असं की रागवायचं झालं तर आम्ही सोबतिणीला रागावतो. पेशंटला रागावून काय उपयोग, तो पडलेला असतो. सोबतीण उभी असते, तिला ऐकू येतं, ती मान खाली घालते.

म्हणून मी तिला धरलं. “काय आई आहेस ग तू,” मी म्हटलं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात. “पोर घरात काय पितेय, कुठे जातेय, बघायला डोळे नाहीत? चर्चला जातेस ना? पांढरा ब्लाऊज घालून गाणी म्हणतेस ना?” शेजारच्या खाटांवरच्या बायका खूश झाल्या, त्यांना तेवढीच करमणूक. या बाईनं मान मात्र खाली घातली नाही. मग मी मुलीकडे वळले आणि माझं नेहमीचं म्हटलं. “ही खाट जगायची इच्छा असलेल्यांची आहे. तुझी हौस फिटली असेल तर...” आणि त्या बाईनं, ओठ जेमतेम हलवत, माझ्याबरोबर पुढचं म्हटलं. “...तर लवकर बरी हो आणि रिकामी कर.” अक्षर अन् अक्षर. चर्चमध्ये पाद्र्याबरोबर लोक प्रार्थनेचा शेवट म्हणतात तसं.

माझं वाक्य. ते मी कुठून उचललेलं नाही, ते माझं आहे, माझ्या रागातून आलेलं आहे आणि तो राग मला कुणी फुकट दिलेला नाही. ते वाक्य ताडालाच्या दिवसापासूनचं आहे. ताडाला हे पोरीचं नाव, न्यूमोनिया, छाती भात्यासारखी. तेव्हा ऑक्सिजनचं यंत्र एकच चालू होतं आणि ते तिच्या नाकाला होतं, आणि दुपारी एका माणसाला आणलं, औषध प्यायलेला, धिप्पाड, बायकोशी भांडून. आमचे क्लिनिकल ऑफिसर दोन्ही खाटांच्या मधे उभे राहिले आणि मग म्हणाले, त्याला लावा, त्याचं वाचायचं जास्त दिसतंय. नळी मी काढली. त्यांनी नाही, मी. त्या चिमुकल्या नाकाच्या खाली चिकटपट्टीचा पांढरा चौकोन राहिला, तो मी नखानं सोलला. संध्याकाळी ताडालाची आई तिला पाठीशी बांधून न्यायला निघाली, जिवंत पोरीला बांधतात तशीच, आणि जाताना माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, तळवे वाजवले आणि म्हणाली, झिकोमो, सिस्टर. आभार. पोरीसाठी जे केलंत त्याचे. मी तिला उठ म्हणाले नाही. ती तशीच बसून होती, मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत, आणि मी वळून हात धुवायला गेले.

तो माणूस जगला. लिंबेच्या बाजारात जुने बूट विकतो. मी एकदा त्याच्याकडे शाळेचे बूट बघितले, माझ्या धाकट्यासाठी. त्यानं हसून बुटांवर थुंकी लावली, पॉलिश केलं, “आई, तुमच्यासाठी खास,” म्हणाला, आणि त्याला माझा चेहरा अजिबात आठवला नाही. छान सुटलेला, गळ्यात सोनेरी साखळी. मी तिथं उभी राहून विचार करत होते की याच्या छातीत जी हवा आहे ती कुणाची आहे हे याला सांगावं का. सांगितलं नाही. बूट घेतले, बूट चांगले होते. पण ताडाला गेल्यापासून यांच्यातलं कुणीही आलं की मला त्या चिकटपट्टीचा चौकोन दिसतो आणि ते वाक्य आपोआप तोंडात येतं. आणि याहून खालचंही काही आहे, ते मी झिओनेलाही बोललेले नाही. माझा नवरा दक्षिणेत खाणीवर गेला तो गेलाच. आईला दिसत नाही. निम्म्या मैत्रिणी इंग्लंडला जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांचे लंगोट बदलतात आणि मी इथं तिघींचं काम करते. पहाटे मिनीबसच्या रांगेत उभी असते तेव्हा मलाही वाटतं की हे सगळं खाली ठेवावं. सगळ्यांनाच वाटतं. मी ठेवलं नाही. मग यांनी का ठेवावं? कुणाला विचारून ठेवलं?

मध्यंतरी आम्हाला शिकवायलाही नेलं होतं, सरोवराकाठच्या हॉटेलात. भिंतीवर मोठे कागद लावले, रंगीत पेनं दिली आणि म्हणाले, अशा पेशंटविषयी तुमच्या मनात काय भावना येतात त्या लिहा. कोंबडी होती जेवायला. मी लिहिलं, यंत्रं किती आहेत? शिकवणाऱ्या बाईंनी वाचून समजूतदारपणे मान हलवली आणि माझा कागद सगळ्यांच्या मागे लावला.

तर ती बाई. मी तिला गरम पाणी दिलं नाही, चूल मागे आहे म्हणून सांगितलं, आणि कपाटाशी जाऊन सुया मोजायचं सोंग केलं. मला कुणीतरी माझ्या घराच्या खिडकीतून आत बघताना पकडावं तसं वाटत होतं, पण पकडली कोण गेली होती ते कळत नव्हतं. वाक्य तिला कुणी सांगितलं? मेट्रननं माझ्यावर माणूस सोडलंय का? की आरोग्य खात्यातली कुणी, चितेंजे नेसून आलेली?

झिओने जवळ आली. “तू तिला आई समजलीस?” ती हळूच म्हणाली. “ती आई नाही. मागे त्या मास्तरच्या वेळी नव्हती का? तेव्हा तिनं मावशी म्हणून सांगितलं. त्याच्या आधी त्या दोन पोरांच्या आईजवळ. दर वेळी नवीन नातं.”

“आणि तू आत सोडतेस?”

“मग काय करू? पेज तू भरवतेस की मी? आणि ती फक्त औषध प्यायलेल्यांजवळच येते, बाकी कुणाकडे ढुंकून बघत नाही. वेडी असेल.”

मला एकदम हलकं वाटलं. नियम माझ्या बाजूला होता. सोबतीण नात्यातलीच लागते, परकं माणूस खाटेजवळ चालत नाही. कुणी चोरी करतं, कुणी प्रार्थना विकतं, कुणी जडीबुटी पाजतं. मी तरातरा गेले. ती मुलीचे पाय पुसत होती. गरम पाणी तिनं मिळवलं होतं, घमेल्यातून वाफ येत होती.

“तू हिची कोण?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. मी खोट्याची तयारी करून आले होते.

“मग घमेलं उचल आणि बाहेर हो. नाहीतर दारावरच्याला बोलावते.”

तिनं फडकं पिळलं. मुलगी इतका वेळ भिंतीकडे तोंड करून होती, गिळायला दुखत होतं म्हणून सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. तिचा हात चादरीतून बाहेर आला आणि त्या बाईच्या चितेंजेचं टोक तिनं मुठीत धरलं. धरलं म्हणजे कसं, तर बुडणारा पकडतो तसं नाही, बाजारात लहान मूल गर्दीत धरतं तसं, न बघता. मी ती मूठ बघितली. सकाळी हीच मूठ मी खाटेच्या दांडीला बांधली होती, मनगटावर गॉजचा वळ अजून होता.

“जाते,” बाई म्हणाली. “पण मग भरवणार कोण ते ठरवा. हिची आई लुचेन्झाला आहे, निरोप गेलाय, उद्याच्या आत पोचत नाही. आणि आली तरी गावच्या लोकांना विचारून येईल.”

“ते तुला काय करायचंय? कोण आहेस तू? माझं वाक्य तुला कुठून कळलं?”

तिनं शेवटी माझ्याकडे नीट बघितलं. चाळिशीची असेल, पुढचा एक दात तुटलेला. “सिस्टर, तुम्ही रोज सकाळी फाटकावर माझ्याकडून मंदासी घेता. दोन. गरम नसतील तर परत करता.”

घेते. बस थांब्यावरून येताना कागदात गुंडाळलेली तळलेली मंदासी रोज घेते, चालता चालता खाते, तोच माझा नाष्टा. ती देणारे हात मला माहीत होते, तळहातावर तेलानं भाजल्याचे डाग. चेहरा मी कधी बघितला नव्हता.

“आणि त्याच्या आधी,” ती म्हणाली, “मी त्या खाटेवर होते. ती, खिडकीजवळची. तुमच्याच हाताखाली. मी डोळे मिटून होते, तुम्हाला वाटलं मला शुद्ध नाही. सगळं ऐकू येत होतं. माझ्याजवळ कुणीही नव्हतं, नवऱ्याच्या घरच्यांनी सांगितलं आमची सून मेली. तुम्ही पेजेचा मग खाटेच्या पायाशी ठेवलात आणि म्हणालात, हात आहेत ना, औषध प्यायचं तेव्हा बरोबर सापडतात. तो मग माझ्या हाताला पोचत नव्हता. संध्याकाळी उचलून नेला.”

“आणि आता आलीस तक्रार करायला.”

“तक्रार कुणाकडे करणार? मी मधे उभी राहायला येते,” ती म्हणाली. “तुमच्या आणि यांच्या मधे. असं कुणी आलं की दारावरचे मला सांगतात.”

मी आठवलं. खिडकीजवळची खाट आठवली, मग आठवला, पत्र्याचा, निळा, आमच्याकडे सगळे निळेच असतात. बाई आठवली नाही. मी तिचा चेहरा घेऊन एकेक करून सगळ्यांच्या धडांवर बसवून बघितला, त्या किती झाल्या असतील देव जाणे, आणि कुठेच बसला नाही. बूटवाला आठवला लगेच, साखळीसकट. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आला तो संतापच. हिनं मला न विचारता मला इतकी वर्षं जवळ बाळगलं होतं. रोज मला मंदासी खाऊ घालून, सुटे परत देऊन, ही माझं वाक्य पाठ करत होती. शिव्या दिल्या असत्या, तेलात काही कालवलं असतं, तरी परवडलं असतं. मला ओरडावंसं वाटलं की तेव्हा वॉर्डात माझ्याकडे सात आजारी पोरं होती, की मी एकटी होते, की ताडाला. ताडालाला ही ओळखत नव्हती आणि हिला ताडाला ओळखत नव्हती, आणि दोघींना ओळखणारी एकटी मी, आणि त्यातली एक मला आठवतही नव्हती.

“दारावरच्याला बोलावू?” झिओनेनं मागून विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत दार धाडकन उघडलं आणि स्ट्रेचर आलं. म्हातारा होता, चिलोब्वेकडचा, शर्टाच्या खिशावर शिंप्यासारखी टाचण्यांची ओळ. औषधाचा वास सगळ्यांनाच आला, कुणी सांगायची गरज नव्हती. पुतण्या म्हणून जो बरोबर होता तो “गाडी लावून येतो” म्हणाला आणि गेला, आणि तो येणार नाही हे वॉर्डातल्या सगळ्या बायकांना त्याच्या पाठीवरूनच कळलं. आम्ही दोघी कामाला लागलो. नळी माझ्या हातात होती. म्हातारा माझ्याकडे बघत होता, चांगला शुद्धीवर, आणि माझ्या तोंडात ते आलं, ही खाट, एवढं जिभेवर आलं. पलीकडच्या खाटेजवळून ती बाई बघत होती. रागावलेली नव्हती. वाट बघत होती, एवढंच. मी दात आवळले. घसा त्याचा होता, म्हातारा, सुरकुतलेला, मी नळीला जास्त जेली लावली आणि “गिळा बाबा, पाणी गिळल्यासारखं गिळा” म्हटलं, आणि तेही मी रागातच म्हटलं, कुणी समजू नये की मी विरघळले. नळी गेली. तो एकदाच कण्हला.

काम झाल्यावर मी हात पुसत त्या बाईकडे बघितलं. “आता याच्याजवळ कोण?”

“मी एकटी आहे, सिस्टर,” ती म्हणाली. मुलीची मूठ अजून तिच्या चितेंजेवर होती. “दोन खाटांना कशी पुरू?”

तिच्या आवाजात टोमणा असता तर मी तिला हाकललं असतं. नव्हता. दमलेली होती, मी दमते तशीच. “नाव काय तुमचं?” मी विचारलं. एमेलेसी, ती म्हणाली. मी झिओनेला म्हटलं, म्हाताऱ्यावर लक्ष ठेव, आणि मागच्या दारानं पडवीत गेले.

पडवीत धूर होता, चुली होत्या, ओलं सरपण होतं, वीस-पंचवीस बायका अंगाला अंग लावून बसल्या होत्या. मला बघून सगळ्या खाली गेल्या, तळवे वाजले. “एकीनं चला,” मी म्हटलं. “एका म्हाताऱ्याजवळ कुणी नाही. पेज भरवायची, कूस बदलायची. ज्यांचं माणूस आज बरं आहे त्यांच्यातली एक.” त्यांनी एकमेकींकडे बघितलं. एक जण म्हणाली, “काय झालंय त्यांना, सिस्टर?” मी गप्प राहिले, आणि गप्प राहण्यातून त्यांना कळलं. कुणी चुलीतलं लाकूड सरकवलं, कुणी पोराला कडेवर घेतलं. दुसरी म्हणाली, “आमच्या पेशंटला त्याची सावली लागली तर? घरचे काय म्हणतील? कोण आहे तो?”

मला इतका राग आला की कानांत घणघणलं. त्यांचा राग, पुतण्याचा, लुचेन्झाच्या आईचा, सरोवराकाठच्या कोंबडीचा, आणि त्या निळ्या मगाचा, जो मी ठेवला होता आणि जो मला आठवत नव्हता. सगळ्या माझ्याच तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मला चांगलं ओळखीचं होतं. मीच ते त्यांना रोज दाखवत आले होते.

“माझा आहे,” मी म्हटलं. “माझ्या घरचा आहे तो. आता कोण येतंय?”

आमच्याकडे कुणी माझा म्हटलं की पुढे विचारत नाहीत. चुलीत ओलं लाकूड चरचरत राहिलं. मग कडेची एक पोक्त बाई उठली. तिनं आपल्या भांड्यातली पेज मगात ओतली, काठोकाठ, चितेंजेच्या टोकानं मग धरला, माझ्यापर्यंत आली आणि सवयीनं माझ्यासमोर खाली जायला लागली.

“गुडघे नका टेकू,” मी ओरडले. “उठा. पेज सांडेल.”